मानसरोवरातून गंगा निघते का?

प्रश्न : कैलास यात्रा करून आलेल्या काकांच्या पेटीत त्या भागाचा एक जुना नकाशा सापडला. प्रमाण १ : २,५०,०००, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर १०० मीटरला. मानसरोवर आणि राक्षसताल यांना जोडणारी एक तुटक निळी रेघ आहे, तिच्यावर ‘गंगा छू’ लिहिलंय. आजी म्हणायची तशी गंगा मानसातूनच निघते का? आणि मध्ये एकही समोच्च रेषा नसताना पाणी कुठून कुठे जातं हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, वाई

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तुम्ही नेमक्या जागी अडलात. ‘रेषा नाही म्हणजे जमीन सपाट’ असं माझी अकरावीची मुलं दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहायची आणि मी दरवर्षी लाल शाई संपवायची. मध्ये रेषा नाही म्हणजे चढउतार १०० मीटरच्या आतला, इतकंच. मानसरोवर साधारण ४,५९० मीटरवर आहे, राक्षसताल ४,५७५ वर. हा पंधरा मीटरचा फरक तुमच्या नकाशाच्या जाळीतून सहज निसटतो. भिंग घेऊन तलावांच्या निळ्या रंगात उंचीचे बारीक आकडे छापलेत का पाहा. उतार तिथे कळेल. पाणी मानसरोवरातून पश्चिमेला राक्षसतालात जातं. तेही नेहमी नाही, म्हणून रेघ तुटक. सरोवर भरलं की छू वाहते (तिबेटीत छू म्हणजे पाणी, नदी), एरवी पात्र कोरडं. मानसरोवराचं पाणी गोडं, राक्षसतालाचं मचूळ.

आता आजींची गंगा. भागीरथी गोमुखाला गंगोत्री हिमनदीतून निघते, हिमालयाच्या मुख्य रांगेच्या अलीकडे, आपल्या बाजूला. मानसरोवर पलीकडे. गंगा छू नावापुरतीच ‘गंगा’.

पण नकाशा अजून मिटू नका. तलावांच्या दक्षिणेला गुर्ला मांधाता (७,६९४ मीटर) सापडेल, त्याच्या पश्चिमेला गुर्ला ला ही खिंड. खिंडीच्या उत्तरेचं पाणी राक्षसतालाकडे उतरतं. दक्षिणेचं तिबेटातल्या पुरांगवरून कर्णाली नदीला मिळतं, सीमा ओलांडून नेपाळात जातं, पुढे भारतात घागरा होतं आणि बिहारमध्ये छपऱ्याजवळ गंगेत पडतं. म्हणजे आजी चुकल्या त्या एका खिंडीने!

हा जलविभाजक, म्हणजे दोन्हीकडचं पाणी वेगळं करणारी उंच कड, पेन्सिलीने आखून बघा. हात हलका ठेवा, काकांचा नकाशा आहे. रेघ खोडता आली पाहिजे.