गिअर ‘पी’त अडकला आणि शोरूम म्हणतं, वॉरंटी गेली

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. नऊ एकर बाग, मी आणि मुलगा मिळून बघतो. चौदा महिन्यांपूर्वी जळगावच्या एका शोरूममधून डबल कॅबची, ऑटोमॅटिक गिअरची डिझेल पिकअप घेतली. किंमत ३१ लाख, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. पाचव्या महिन्यापासून आजवर चार वेळा गिअर ‘पी’मधून, म्हणजे पार्कमधून, निघालाच नाही. इंजिन चालू होतं, ब्रेक दाबतो, पण लीवर जागचा हलत नाही. दर वेळी टोइंग करून वर्कशॉपला न्यावी लागली. तीनदा ‘तक्रार आढळली नाही’ म्हणून परत दिली. चौथ्यांदा म्हणाले, सावद्याच्या इलेक्ट्रिशियनकडून मागे एलईडी दिवे बसवलेत म्हणून वॉरंटी रद्द. ६८ हजार भरा, नाहीतर रोजचे ३०० रुपये पार्किंग. मॅनेजर वर म्हणतो, केळी वाहता म्हणजे गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. गाडी अठरा दिवस तिथेच उभी आहे, इकडे कापणी सुरू आहे. मला नवीन गाडी मागता येईल का? धाकट्या भावाची हायब्रिड कारही एकदा अशीच अडली होती. हा सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचा दोष आहे का?

उत्तर : भाऊ, पत्रासोबत चारही जॉब कार्डांचे (वर्कशॉप तक्रार आणि केलेलं काम लिहून देतं ते कागद) आणि सावद्याच्या बिलाचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. ते सगळे मी तारखांच्या क्रमाने टेबलावर मांडले. पहिलं जॉब कार्ड पाचव्या महिन्यातलं, दुसरं आठव्या. दिव्यांचं बिल आहे दहाव्या महिन्यातलं. म्हणजे ते दिवे गाडीला लागायच्या आधीच गाडी दोनदा अडली होती. ‘तुमच्या दिव्यांमुळे बिघाड झाला’ हे म्हणणं या दोन तारखांसमोर टिकत नाही. तुमची केस इथे उभी आहे. बाकी जे सांगतो ते हिला टेकू देण्यापुरतं.

दुसरं जॉब कार्ड पुन्हा एकदा नीट वाचा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात पेनाने लिहिलंय, ‘गिअर पी मधून निघत नाही’. त्याखाली ‘केलेले काम’ : ‘इमर्जन्सी रिलीजने गिअर काढला. तपासणी केली. तक्रार आढळली नाही.’ तक्रार आढळली नाही तर इमर्जन्सी रिलीज, म्हणजे अडकलेला लीवर हाताने सोडवायची सोय, कशाला वापरावी लागली? ही ओळ त्यांच्याच माणसाने, त्यांच्याच शिक्क्याखाली लिहिली आहे. वकील म्हणून मला याहून बोलका कागद नको. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, तिच्यावर काही खूण करू नका, तशीच फाइलीत ठेवा.

आता बिघाडाची गोष्ट, कारण ती कळली तरच तक्रार नेमकी लिहिता येते. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल दाबलं की मागचे लाल दिवे लागतात ते त्याच्यामुळे, आणि गिअरच्या लीवरची खिटी मागे ओढणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या छोट्या चुंबकाला) ‘ब्रेक दाबलाय’ हा निरोपही तिथूनच निघतो. स्विच खराब झाला, फ्यूज उडाला, वायर तुटली किंवा सोलेनॉइडच अडकला, की खिटी सरकत नाही आणि लीवर ‘पी’तच राहतो. ब्रेकला पाय न लावता गाडी सुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे अशा वेळी पहिली तपासणी साधी : एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून लाल दिवे लागतात का ते बघायचं. लागत नसतील तर संशय स्विचवर किंवा फ्यूजवर. लागत असतील आणि तरी लीवर हलत नसेल, तर सोलेनॉइडवर किंवा लीवरच्या यंत्रणेवर. पत्रात तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वेळी मुलाने मागून पाहिलं तेव्हा दिवे लागत होते. हे वाक्य प्रतिज्ञापत्रात त्याच्या शब्दांत आलंच पाहिजे. दिव्यांचा सर्किट शाबूत होता आणि तरी गिअर अडकला, म्हणजे एलईडीची सबब आणखी कमकुवत होते.

कंपनीकडून अजून एक प्रश्न नक्की येईल : गाडी उतारावर उभी होती का? उतारावर हँडब्रेक न ओढता नुसतं ‘पी’त टाकलं, की गाडीचा सगळा भार आतल्या अडणीवर येतो आणि लीवर घट्ट होतो. माल भरलेला असला तर जास्तच. तो वापराचा दोष ठरतो, बनावटीचा नाही. म्हणून चारही वेळा गाडी कुठे उभी होती, सपाटीवर की कालव्याच्या भरावावर, रिकामी की भरलेली, हँडब्रेक ओढला होता का, हे आजच एका कागदावर लिहून काढा. खरं तेच लिहा. एखाद्या वेळी उतारावर असेल तर तसंच लिहा. चारातली एक गळाली तरी तीन उरतात, पण एक खोटी निघाली तर चारही जातात.

भावाच्या हायब्रिड कारची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत लीवर हा नुसता विजेचा स्विच असतो आणि ‘पी’चा लॉक मोटरने सुटतो. मोठी बॅटरी भरलेली असली तरी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली, तर गाडी चालवण्याच्या तयारीतच येत नाही आणि लॉक तसाच राहतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की हे घडतं. छोट्या बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि कमी मुदतीची असू शकते, ती पुस्तिकेत बघायला सांगा. तेव्हा सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांचा दोष, असं तक्रारीत लिहू नका. आपली तक्रार आपल्या गाडीपुरती ठेवा.

‘तुम्ही ग्राहकच नाही’ या धमकीने तुमची झोप उडालीय, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वयंरोजगारातून, केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक धरायची नाही. जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात खुलासा केला. त्यात दाखलाच ट्रकचा आहे : स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहकच असतो, आणि मदतीला एकदोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की वस्तू घेण्यामागचा मुख्य हेतू काय, ते पाहायचं. स्वतःच्या बागेतले घड स्वतःच्या गाडीतून नेणारा शेतकरी या व्याख्येत बसतो, असं माझं ठाम मत आहे.

पण दोन गोष्टी सांभाळा. मृगबागेच्या कापणीत शेजाऱ्याचा माल दोनदा भाड्याने नेला, असं तुम्ही लिहिलंय. ते लपवू नका. दोन फेऱ्यांनी मुख्य हेतू बदलत नाही, पण उलटतपासात बाहेर आलं तर तुमच्या शब्दाची किंमत जाते. दुसरं, नुकसानीचा आकडा. पत्रात तुम्ही व्यापाऱ्याशी ठरलेला सौदा मोडल्याचे ९ लाख धरलेत. तुमचा जीव तुटतोय हे समजतं, पण धंद्यातल्या नफ्याचा एवढा मोठा हिशेब मांडलात तर ‘हा व्यापारी आहे’ हे मॅनेजरचं वाक्य तुम्हीच सिद्ध करून द्याल. टोइंगच्या पावत्या, भाड्याने केलेल्या टेम्पोच्या पावत्या आणि मनस्तापाची वाजवी रक्कम, एवढंच मागा. टेम्पोवाला पावती देत नसेल तर पैसे फोनवरून पाठवा, नोंद राहते.

नवीन गाडी मिळेल का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आज, आहे त्या कागदांवर, कठीण आहे. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल, तर त्यावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गाडी बदलून किंवा पैसे परत हवे असतील तर मूळ बनावटीतला दोष, आणि तो दुरुस्तीने जात नाही हे, तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं. म्हणून मागण्या पायरीने लिहू : आधी ब्रेक स्विच, सोलेनॉइड आणि लीवरची यंत्रणा मोफत बदलून द्यावी आणि गाडी पडून राहिली तेवढी वॉरंटी वाढवावी, त्यानंतरही बिघाड झाला किंवा तपासणीत मूळ दोष निघाला, तर गाडी बदलून द्यावी किंवा किंमत व्याजासह परत करावी, शिवाय भरपाई आणि खर्च. एकदम शेवटची पायरी मागणाऱ्यांची तक्रार पुराव्याअभावी फेटाळलेली मी पाहिली आहे. कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीच्या भरपाईचं, प्रकरणही तुमच्या कामाचं नाही. त्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही. कुणाला इजा झाली असती तर गोष्ट वेगळी होती.

तपासणीसाठी कायद्यातच सोय आहे. ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्यायचा. तज्ज्ञ म्हणून जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यांत्रिकी विभाग सुचवता येईल. तोवर गाडी कुणा बाहेरच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका. वर्कशॉपने एखादा भाग बदललाच तर जुना भाग सही-शिक्क्याच्या नोंदीसह परत मागा. स्कॅनरमध्ये बिघाडाचे काय कोड आले त्याची छापील प्रतही मागा. नाही दिली, तर मागणी केल्याचा ईमेल तरी राहील.

पार्किंगच्या पैशांबद्दल. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला, ज्या वस्तूवर कष्टाचं किंवा कसबाचं काम केलं, ती त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ठेवून घेता येते. इथे त्यांनी काम केलेलंच नाही, नुसतं एस्टिमेट दिलंय. नुसत्या पार्किंगसाठी गाडी अडवण्याचा हक्क या कलमातून मिळत नाही. तरी भांडण करत बसू नका. गाडी बाहेर काढण्यासाठी काही भरावंच लागलं तर भरा, पण पावतीवर स्वतःच्या हाताने ‘हरकत राखून’ लिहा आणि त्याचा फोटो काढा. ‘काम समाधानकारक झाले’ अशा छापील कागदावर सही करू नका.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होईल. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क ग्राहक कायद्याच्या कलम ३४ ने दिला आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगालाच अधिकार आहे आणि २० ते ५० लाखांच्या गटात फी फक्त १००० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. शोरूम आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत राहतो. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. पहिल्या बिघाडाला नऊ महिने झाले. ‘कंपनीशी मेलवर बोलणं चालू आहे’ म्हणून मुदत थांबत नाही. मला या वाक्याची फार चीड आहे, कारण त्या भरवशावर बसून हक्काची तक्रार घालवलेली माणसं माझ्या ऑफिसात रडली आहेत.

मुलाने मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यांच्यासोबत जोडावं लागेल, ते आपण तयार करू. फोन विकू नका आणि फॉरमॅट करू नका.

येत्या सोमवारी शोरूम आणि कंपनी दोघांना नोटीस स्पीड पोस्टाने, पोच पावतीसह पाठवा आणि ईमेलही करा. नोटीस सक्तीची नाही, पण तिच्या उत्तरात ते कोणती भूमिका घेतात ते कागदावर येतं. एक पान पुरे. चारही जॉब कार्डांचे क्रमांक आणि तारखा, दिव्यांच्या बिलाची तारीख, आणि एकच प्रश्न : दिवे बसवण्याआधी दोनदा गिअर का अडकला? उत्तराला १५ दिवस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, तिथून कधी कधी कंपनीचा फोन लवकर येतो.

त्याआधी उद्याच मुलाला वर्कशॉपला पाठवा. गाडी कोणत्या स्थितीत, किती किलोमीटरवर, कोणत्या जागी उभी आहे त्याचे फोटो काढून घेऊ दे. मीटर, गिअरचा लीवर आणि त्याच्या शेजारचं रिलीजचं छोटं झाकण, हे तिन्ही एका चौकटीत दिसतील असा एक फोटो हवाच.