उडी, डॅश, पॅरी: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न अ‍ॅक्शन प्लॅटफॉर्मरबद्दल आहेत, म्हणजे उड्या मारत आणि वार करत पुढे जायचे गेम. डॅश म्हणजे झटक्यात मारलेली मुसंडी, पॅरी म्हणजे येणारा वार नेमक्या वेळी परतवणं. ‘सिल्कसाँग’च्या (‘हॉलो नाइट’चा पुढचा भाग) उत्तरात एका बॉसचा, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूचा, थोडा तपशील आहे. ज्यांना आधी काहीच कळायला नको असेल त्यांनी तो भाग सोडून द्यावा.

प्रश्न: ‘सेलेस्ट’मध्ये कड्याच्या टोकावर उडीचं बटण दाबतो, तरी नायिका मॅडलिन सरळ खाली जाते. बटण वेळेवर दाबल्याची खात्री आहे. चूक हाताची, कंट्रोलरची की टीव्हीची?

उत्तर: पहिला संशय टीव्हीवर घ्या, कारण ‘सेलेस्ट’ (2018) उडीच्या बाबतीत भलताच उदार आहे. पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सुमारे 0.1 सेकंद उडी मान्य होते. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटणही गेम लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. वर जाताना डोकं कोपऱ्याला जेमतेम अडकत असेल तर चार पिक्सेलांपर्यंत तो मॅडलिनला गुपचूप बाजूला सरकवतो. इतकी सूट असूनही उडी रोज त्याच जागी हुकत असेल, तर तुम्ही बघताय ते चित्रच उशिरा येत असण्याची शक्यता मोठी.

सेकंदाला 60 फ्रेम्स (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात असेल तर पाच-सहा फ्रेम सहज खातो आणि 0.1 सेकंदाची ती सूट तिथेच संपते. टीव्हीचा गेम मोड चालू करा. काही टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. मोशन स्मूदिंग (चित्र गुळगुळीत करणारी सोय) बंद ठेवा. पीसीवर असाल तर व्ही-सिंक (गेमची चित्रं पडद्याच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा. मग तीच खोली मॉनिटरवर किंवा हातातल्या कन्सोलच्या स्वतःच्या पडद्यावर खेळा. तिथे उडी लागली तर प्रश्न मिटला. ब्लूटूथ हेडफोनवर आवाजही मागे पडतो, त्यामुळे आवाजावरून वेळ साधणाऱ्यांनी वायरचा हेडफोन वापरावा.

पडदा निर्दोष निघाला तर अंगठ्याकडे बघा. या गेममध्ये डॅशला आठच दिशा आहेत. अ‍ॅनालॉग स्टिकवर अंगठा जरा घसरला की तिरका डॅश आडवा होतो. डी-पॅडवर (कंट्रोलरवरची दिशांची बटणं) ही चूक बरीच कमी होते, कारण दोन बटणं दाबली गेली की नाही ते बोटाला कळतं. आमचं मत विचाराल तर ‘सेलेस्ट’ डी-पॅडवरच खेळावा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच तक्रारीच्या मागोमाग येणारी गोष्ट म्हणजे भिंतीवरची ताकद. ती पूर्ण भरलेली असते तेव्हा 110 असते. नुसतं लटकलं तर सेकंदाला 10 जाते, वर चढताना सेकंदाला सुमारे 45. भिंत धरून सरळ वर मारलेली प्रत्येक उडी 27.5 घेते, म्हणजे अशा चारच उड्या. भिंतीपासून दूर मारलेल्या उडीला मात्र काहीच लागत नाही. म्हणून उंच भिंतीवर सरपटत बसू नका. सुटून उडी मारा, वळून पुन्हा तीच भिंत धरा. मॅडलिन लाल चमकायला लागली की ताकद संपत आलेली असते, तेव्हा विचार करायला थांबायचं नाही.

प्रश्न: ‘हॉलो नाइट’ पूर्ण केला, पण ‘सिल्कसाँग’मध्ये खाली मारायचा वार लागतच नाही आणि सतत मरतोय. लास्ट जज या बॉसपाशी तर वैताग आला. पुढे खेळण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे, आणि ‘हॉलो नाइट’ संपवलेल्यांचाच हात इथे जास्त अडखळतो. तिथला खालचा वार सरळ खाली जायचा, म्हणून शत्रूच्या बरोबर डोक्यावर यायची सवय लागलेली असते. सुरुवातीच्या हंटर क्रेस्टवर (क्रेस्ट म्हणजे लढण्याची पद्धत ठरवणारं चिन्ह) नायिका हॉर्नेट तिरकी झेपावते, साधारण 45 अंशांत. म्हणजे लक्ष्य तुमच्या जितकं खाली आहे, तितकंच ते पुढेही असायला हवं. डोक्यावर येऊन वार केलात तर ती शत्रूला ओलांडून पलीकडे जाते, आणि पलीकडे बहुधा काटे असतात.

हंटर्स मार्च या भागातली, वार केला की उसळी देणारी लाल फुलं या सरावाला उत्तम. पहिलं फूल बहुतेकांना जमतं, फसतं ते दुसऱ्यावर. उसळी मिळताच घाईने पुन्हा वार दाबला जातो, तेव्हा उंची कमी असते आणि झेप फुलाच्या अलीकडेच खाली उतरते. उसळीचा माथा येऊ द्या, तोंड फुलाकडे आहे ना ते बघा, मग दाबा. एवढं करूनही तिरका वार पटला नाही तर वाँडरर क्रेस्ट मिळवा. त्याचा वार सरळ खाली जातो आणि झटपट होतो, पल्ला मात्र आखूड. रीपर क्रेस्टचा वार रुंद आहे, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी भागतं. जुन्या सवयीच्या खेळाडूला आम्ही वाँडररच सुचवू.

आता मरण्याबद्दल. ‘हॉलो नाइट’मध्ये एका वाराला 11 सोल (उपचाराला लागणारी ऊर्जा) मिळायचे आणि 33 सोलला एक मास्क (जीव मोजायचं एकक) भरायचा, म्हणजे तीन वारांमागे एक. ‘सिल्कसाँग’मध्ये एका वाराला एक सिल्क (सोलच्या जागी आलेली ऊर्जा), नऊ सिल्कला एक बाइंड (स्वतःवर उपचार) आणि बाइंडला तीन मास्क. हिशेब तोच आहे. तिथे उपचार हप्त्यांनी मिळायचा, इथे एकरकमी, आणि बाइंड करताना मध्येच मार बसला तर सगळं सिल्क जातं. म्हणून बाइंड जमिनीवर उभं राहून नाही, तर हवेत, बॉसचा हल्ला खालून निघून जात असताना करा. सिल्क स्किलला, म्हणजे खास हल्ल्याला, चार सिल्क लागतात. एकदा वापरलं की नऊ भरायला पुन्हा चार वार हवेत, तेव्हा बॉसची चाल नीट कळेपर्यंत स्किलला हात न लावलेला बरा.

बरेच बॉस एका फटक्यात दोन मास्क नेतात. पाचांपैकी तीन उरले असताना बाइंड केलं तर एक मास्क फुकट जातो, म्हणून लोक एकच उरेपर्यंत थांबतात. पण मोजून बघा: पहिल्या फटक्यानंतर भरलं काय आणि दुसऱ्यानंतर भरलं काय, दोन्हीकडे जीव जातो तो चौथ्या फटक्याला. मग एका मास्कवर हवेत लटकून बाइंड करण्याचा जुगार कशाला? लवकर भरा.

मेल्यावर जिथे कोश राहतो, तो फोडला की सिल्क भरतं. कोश बॉसच्याच आखाड्यात असेल तर आल्याआल्या फोडू नका, मधल्या बाइंडसाठी राखून ठेवा. रोझरी (गेममधलं मण्यांचं चलन) त्या कोशातच अडकतात आणि तिथे पोहोचायच्या आधी पुन्हा मेलात तर कायमच्या जातात. त्यामुळे अवघड भागात शिरण्याआधी त्यांची माळ ओवून घ्यावी. थोडी कपात होते, पण माळ मेल्यावर जात नाही.

लास्ट जजबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. ब्लास्टेड स्टेप्समधली बाकापासून बॉसपर्यंतची लांब वाट दर वेळी पुन्हा तुडवायला लावण्यात कौशल्याची परीक्षा कुठेच नाही, नुसता वेळ जातो. गेम बनवणाऱ्या टीम चेरीने सप्टेंबर 2025 मध्ये गेम आल्यावर पहिल्याच अपडेटमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सौम्य केले. ही वाट आखडली असती तर आम्हाला जास्त आनंद झाला असता. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा बॉस पडल्यानंतर फुटतो, म्हणून शेवटचा वार बसताच लांब पळा. आणि सिटाडेलला, म्हणजे गेमच्या पुढच्या मोठ्या भागाला, जायला ही एकच वाट नाही. सिनर्स रोडकडून धुक्यातून जाणारी दुसरी वाट आहे. तिच्या शेवटीही बॉस आहेच, पण चव वेगळी.

प्रश्न: असिस्ट मोड (गेम सोपा करणाऱ्या सवलती) लावून संपवलेला गेम खरा संपवला असं म्हणायचं का?

उत्तर: म्हणायचं. ‘सेलेस्ट’मध्ये गेमचा वेग 50 टक्क्यांपर्यंत खाली येतो, ताकद अमर्याद करता येते, हवेतले डॅश वाढवता येतात, मार बसणंच बंद करता येतं. सगळं एकदम लावू नका, एवढंच. आधी वेग 90 किंवा 80 टक्के करा. उड्यांची आखणी तशीच राहते, फक्त डोळ्यांना आणि बोटांना सवड मिळते. दिशाच चुकत असेल तर डॅश असिस्ट लावा, त्यात दिशा ठरवेपर्यंत वेळ थांबतो. अमर होण्याचा पर्याय शेवटी, कारण त्यात काटे नुसते सजावटीचे उरतात.

प्रश्न: पॅरी शिकायची आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’ आधी घेऊ की ‘नाइन सोल्स’?

उत्तर: आधी ‘द लॉस्ट क्राउन’. दोन्ही 2024 चे, दोन्ही उत्तम, पण शिकवण्याची पद्धत वेगळी. ‘द लॉस्ट क्राउन’ रंगाने सांगतो: शत्रू पिवळा चमकला तर पॅरी करा, जमली तर नायक सारगॉन जबरदस्त उलटा वार करतो; लाल चमकला तर पॅरी विसरा आणि बाजूला व्हा. कठीणपणाच्या सेटिंगमध्ये पॅरीचा भाग वेगळा बदलता येतो. शत्रूंची ताकद आहे तशी ठेवून फक्त पॅरी सोपी करा आणि हात बसला की परत वर न्या. सगळी लढाईच सोपी केली तर शत्रू पॅरीची वेळ यायच्या आतच मरतात आणि शिकणं राहून जातं.

याच गेममधली मेमरी शार्डची सोय इतरांनी खुशाल उचलावी. अडलेल्या जागी डी-पॅडवरून फोटो काढला की तो नकाशावर त्या ठिकाणी चिकटतो. महिन्याभराने गेम पुन्हा उघडला तरी तिथे काय अडलं होतं ते दिसतं. सुरुवातीला शार्ड मोजकेच असतात, म्हणून प्रत्येक बंद दाराचा फोटो काढत सुटू नका. कुठली शक्ती लागेल याचा अंदाजच येत नाही, अशाच जागा टिपा.

‘नाइन सोल्स’मध्ये पॅरी हा सगळ्या लढाईचा पाया आहे. अचूक पॅरीत काहीच लागत नाही. घाईत केलेल्या पॅरीत आतली इजा होते, जी काही काळ मार चुकवला की भरून येते. पॅरीतून ‘ची’ नावाची ऊर्जा साठते आणि ती खर्चून शत्रूला चिकटवलेला ताईत फोडायचा. नवे खेळाडू ‘ची’ पूर्ण भरेपर्यंत साठवत राहतात आणि मग संधीच मिळत नाही. एक साठली, शत्रूचा हल्ला संपला, लगेच चिकटवा. बटण बदाबदा दाबण्याने इथे काही साधत नाही, कारण लवकर दाबलेली प्रत्येक पॅरी आतली इजा वाढवते. हत्यार आदळण्याच्या क्षणाकडे बघा. हात उगारलेला दिसला म्हणून दाबू नका. अगदीच जमलं नाही तर स्टोरी मोडमध्ये दिलेला आणि घेतलेला मार हवा तसा बदलता येतो.

प्रश्न: ‘कपहेड’ मुलासोबत दोघांनी खेळावा का? मुलाला कंट्रोलरची सवय आहे, पण दोघांनाही असे गेम नवीन आहेत.

उत्तर: खेळा, पण दोघं म्हणजे निम्मं काम असं समजू नका. दोन खेळाडू असले की बॉसची ताकद वाढते आणि पडद्यावर गोंधळही. फायदा एवढा की एक जण मेला तर त्याचं वर जाणारं भूत दुसऱ्याने पॅरी करून परत आणता येतं, एका हार्टसह (हार्ट म्हणजे जीव मोजायचं एकक). त्यासाठी हवेत असताना भुताला भिडताना उडीचं बटण पुन्हा दाबायचं. ज्याचा हात जास्त बसलाय त्याने शक्यतो भूत जाईल त्या बाजूला मोकळं राहावं.

स्मोक बॉम्ब हा चार्म (अंगावर बाळगायची खास शक्ती) घ्या, त्यामुळे डॅश करताना मार लागत नाही. जादा हार्ट देणारा चार्म बरा वाटतो, पण त्याने गोळ्यांचा जोर घटतो. 2022 चा जोडभाग घेतला असेल तर मुलाला मिस चॅलिस हे पात्र द्या: चार हार्ट, दोनदा उडी, आणि मार न लागणारी कोलांटी. सिंपल या सोप्या मोडमध्ये काही बॉसचे टप्पे गाळलेले असतात आणि शेवटाकडे जायला लागणारं करारपत्र मिळत नाही. म्हणजे शेवटपर्यंत जायचं तर रेग्युलर करावंच लागतं. सिंपल चाल ओळखण्यापुरता वापरा.

प्रश्न: ‘निंजा गायडेन: रेजबाउंड’ आणि ‘शिनोबी: आर्ट ऑफ व्हेन्जन्स’ यांतला एकच घ्यायचा तर?

उत्तर: उड्यांसाठी ‘रेजबाउंड’, मारामारीसाठी ‘शिनोबी’. दोन्ही 2025 च्या उन्हाळ्यात महिन्याभराच्या अंतराने आले, तरी जात वेगळी.

‘रेजबाउंड’मध्ये शत्रूला किंवा त्याने फेकलेल्या गोळ्याला हवेत भिडताना उडी पुन्हा दाबली की त्यावरून उसळी मिळते. लेव्हलची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. अडखळायला होतं ते बटण दाबून धरल्यामुळे. पहिली उडी मारली की बोट उचला, भिडताना नव्याने दाबा. चमकणाऱ्या शत्रूला योग्य हत्याराने मारलं की पुढचा वार प्रचंड होतो आणि मोठा शत्रू एका घावात पडतो. म्हणून समोर मोठा दिसला की आधी आजूबाजूला चमकणारा छोटा शोधा. लेव्हल छोट्या आहेत, पण कुमोरी या पात्राचे वेळेच्या मर्यादेतले भाग आम्हाला थोडे जास्त वाटले.

‘शिनोबी’ डोळ्यांना जास्त देखणा. कॉम्बो लांबलचक आहेत आणि शत्रूंवर निशाणी आली की सगळ्यांचा एकाच दमात निकाल लावता येतो. पहिल्यावर निशाणी येताच त्याला संपवण्याची घाई करू नका, बाकीच्यांवरही येऊ द्या. शेवटाकडच्या लेव्हलमध्ये उड्यांचे भाग लांबतात आणि तिथे त्याची पकड ‘रेजबाउंड’इतकी घट्ट नाही. तुमच्या पत्रात ‘सेलेस्ट’चे बी-साइड (लेव्हलच्या अवघड आवृत्त्या) आवडल्याचं लिहिलंय, तेव्हा तुम्ही ‘रेजबाउंड’च घ्या.