आधी माप घे, मग सामान आण

परवा दांडिया बाजारात तुझ्या हातात गाडीचं नवं बोअर-किट (सिलिंडर, पिस्टन आणि रिंगांचा संच) बघितलं आणि जीव हळहळला. अजून इंजिन नीट तपासलंही नाहीस!

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला, म्हणजे तेल जळतंय; पण त्यावरून रिंगाच (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या असं नसतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना एक भपकारा येऊन थांबत असेल, तर आधी व्हॉल्व्ह सील बघ, म्हणजे व्हॉल्व्हवरून तेल आत गळू न देणारं रबर. रेस दिल्यावर धूर वाढत असेल, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची पोकळी.

जुनी रिंग बोअरमध्ये घाल, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसव आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोज. एकदा वरच्या टोकाजवळ, एकदा तळाशी. झीज वरच जास्त होते, जिथे रिंग थांबून परत खाली येते; तळ जवळजवळ कोरा राहतो. दोन फटींतल्या फरकाला 3.14 ने भाग. फरक 0.30 मिमी असेल तर बोअर वर साधारण 0.1 मिमी मोठा झालाय. झिजेची मर्यादा तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलीच धर, कुणाच्या तोंडची नको.

आता कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा. खालच्या बेअरिंगमधलं तेल धुऊन काढ, नाहीतर त्या थरात चाल लपते. आडवा थोडा हलला तर ठीक, तो हलायलाच हवा. पण सरळ वर-खाली ओढताना बारीकसं 'टक' जाणवलं, तर क्रँक उघडावाच लागेल. मी एकदा घाईत हे सोडलं. नव्या पिस्टनसकट सगळं पुन्हा खोलावं लागलं.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर नख फिरव, खड्डा असेल तर नखाला लागतोच.

रविवारी सिलिंडरचा ब्लॉक घेऊन ये. गेज माझ्याकडे आहे.