ओबडधोबड की अनियमित?

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: विज्ञानाच्या वहीत मुलं ‘ओबडधोबड दगडाचं घनफळ’ असं लिहितात. ते खोडून ‘अनियमित आकाराच्या दगडाचं’ असं करावं का?

करावं. ओबडधोबड हा शब्द अस्सल आहे, पण इथे तो नेमका बसत नाही. तापीच्या पात्रातला गोटा हातात घेऊन पाहा. तो गुळगुळीत असतो, त्याला ओबडधोबड कुणी म्हणणार नाही. तरी त्याची लांबी-रुंदी मोजून घनफळ काढता येत नाही, त्याला मोजपात्रातच बुडवावं लागतं. पाणी ५० मिलीवरून ६८ वर चढलं, तर घनफळ १८ घन सेंमी. (गोट्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा वाढतो, आधी ते झटकून घ्यावेत.) प्रयोगात पृष्ठभाग कसा आहे याला महत्त्व नाही, आकार सूत्रात बसत नाही, एवढंच सांगायचं असतं.

ओबडधोबड म्हणजे नीट घडवलेलं, तासलेलं नाही असं. न घडवलेल्या काळ्या दगडांची भिंत ओबडधोबड, रंधा न मारलेली फळी ओबडधोबड. नुसता हाताला लागणारा खरखरीतपणा सांगायचा असेल तर खडबडीत पुरे. रेघ किंवा कड सरळ नसेल तर वेडीवाकडी: नवशिक्या हाताने थापलेल्या कळण्याच्या भाकरीची कड, शेताचा बांध. इथे एक चूक फार दिसते. ‘वेडावाकडी रेघ’ चुकीचं. दोन्ही पदं बदलतात: वेडावाकडा बांध, वेडीवाकडी रेघ, वेड्यावाकड्या ओळी. ओबडधोबड आणि खडबडीत मात्र कोणत्याही लिंगात तसेच राहतात. ओबडधोबड हा अंशाभ्यस्त शब्द आहे, म्हणजे त्यात पहिल्या पदाचा काही भाग पुन्हा येतो, म्हणून एकत्र लिहावा, मध्ये रेघ नको.

बोलताना अनियमित शब्द येतो तो बहुधा वेळेबद्दल: अनियमित पाऊस, अनियमित वीजपुरवठा, अनियमित हप्ते. ‘आर्थिक अनियमितता’ यात नियम मोडल्याचा अर्थ आहे. आकारासाठी तो शास्त्राच्या पुस्तकातून आला आणि तिथे योग्यच आहे. भूमितीत मात्र जपून वापरावा. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या बहुभुजाकृतीला आपण ‘सुसम’ म्हणतो, ‘नियमित’ नाही. आणि तिन्ही बाजू वेगवेगळ्या असलेला त्रिकोण ‘विषमभुज’.

वहीत एवढं दुरुस्त करताना गुण मात्र कापू नयेत. मुलाला प्रयोग कळलेला असतो.