रोहिणी कोणती, नीला कोणती?

प्रश्न : मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. स्लाइडवर रोहिणी आणि नीला या रक्तवाहिन्या शेजारीशेजारी असतात, पण माझी हमखास अदलाबदल होते. नेमकं काय पाहावं?

उत्तर : सुरुवात ४ पटीच्या भिंगाने करा. गोल, उघडी पोकळी आणि तिच्या मानाने जाड भिंत असेल तर बहुधा रोहिणी. चपटी, वेडीवाकडी पोकळी आणि पातळ भिंत असेल तर नीला. मात्र छेद तिरका गेला की नीलेची भिंतही जाड भासते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

म्हणून ४० पटीच्या भिंगाखाली भिंतीची आतली कड पाहा. मध्यम आकाराच्या रोहिणीत तिथे एक चकचकीत गुलाबी, नागमोडी रेघ दिसते. हा आतला लवचीक पडदा. ऊती काढल्यावर भिंतीतले स्नायू आखडतात आणि या पडद्याला चुण्या पडतात, अगदी नाडी ओढलेल्या परकराच्या नेफ्यासारख्या. फार सुंदर दिसतं ते! रेघ फिकट वाटली तर कंडेन्सरचा डायफ्रॅम (स्लाइडखालची, प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटवा, लगेच उठून येईल. व्हरहॉफ या लवचीक तंतू दाखवणाऱ्या रंगात ती काळीभोर होते.

महारोहिणीत मात्र ही एकच रेघ शोधू नका. तिथे मधल्या थरात असे डझनावारी पडदे एकावर एक असतात.

मोजमापाला लाल रक्तपेशी वापरा. तिचा व्यास साधारण ७ मायक्रोमीटर असतो, म्हणजे एकच पेशी मावेल एवढी पोकळी केशवाहिनीची.