वाचकांचे प्रश्न : युरोपातील जुनी शहरे कशी पाहावीत?

प्रश्न : मी मूळची सांगलीची, विश्रामबागेतली. नोकरीनिमित्त सध्या जर्मनीत न्यूरेंबर्गला राहते. जोडून सुट्टी आली की आम्ही दोघे एखादे शहर गाठतो. प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, म्युनिक झाले. पण आता तोच चौक, तेच चर्च, तोच नदीवरचा पूल असे वाटू लागले आहे. कोणता फोटो कुठला, तेही आठवत नाही. आमचे काय चुकते?

उत्तर : शहरांची संख्या कमी करा, हा माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला आहे. पर्यटकाला दोन दिवसांत शहर उरकावे लागते, कारण तो पुन्हा येईलच याची त्याला खात्री नसते. आपण तेथेच राहता. एकाच शहरात एकदा हिवाळ्यात, एकदा पावसात आणि एकदा कामाच्या दिवशी भल्या सकाळी जाण्याची जी सोय आपल्याला आहे, तिचा आपण अजून उपयोग करून घेतलेला नाही.

सुरुवात आपल्या राहत्या गावापासून करा. न्यूरेंबर्गच्या मुख्य बाजारचौकातील फ्राउएनकिर्खे या चर्चवर रोज दुपारी बारा वाजता घड्याळाच्या बाहुल्या हलू लागतात आणि सात राजनिर्वाचक, म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले सात जण, बसलेल्या सम्राटाभोवती फेऱ्या मारतात. तो सम्राट म्हणजे त्या काळच्या जर्मन मुलखावर आणि प्रागवरही राज्य करणारा चौथा कार्ल, आणि सम्राटाची निवड कोणी करावी हे ठरवणाऱ्या त्याच्या १३५६ च्या फर्मानाची ती आठवण आहे. बहुतेक लोक मोबाइलवर हे दृश्य टिपतात आणि पुढे जातात. आपण मात्र तेथे थोडे थांबा. या चौकाच्या जागी पूर्वी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये याच सम्राटाच्या संमतीने ती पाडण्यात आली, पाचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागेवर हे चर्च उभे राहिले. प्रागमध्ये १३४८ साली विद्यापीठ स्थापन करणारा आणि १३५७ साली, ज्यावरून आपण चालत गेलात, त्या पुलाचे काम सुरू करणारा राजाही हाच. एवढे समजल्यावर प्राग आणि न्यूरेंबर्ग यांची सरमिसळ होणार नाही. उलट एका शहरातली गोष्ट दुसऱ्या शहरात पुढे सरकताना दिसेल.

दुसरे असे की, समोरची इमारत खरोखर किती जुनी आहे, हे प्रत्येक ठिकाणी विचारत चला. २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात न्यूरेंबर्गचा जुना भाग जवळजवळ सगळाच जमीनदोस्त झाला होता. आज आपण जे मध्ययुगीन म्हणून पाहता, त्यातील बरेचसे युद्धानंतर पुन्हा उभारलेले आहे. त्यात कमीपणा आहे असे मला मुळीच वाटत नाही, पण ते ठाऊक असावे. याउलट वाइसगेर्बरगासे ही गल्ली त्या हल्ल्यातून बरीचशी वाचली. लाकडी चौकटींत भिंती भरलेली तिथली उंच घरे कातडे कमावणाऱ्यांची होती. मिरजेत सतारमेकर गल्ली जशी तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची, तशीच ही त्या कारागिरांची. ड्रेस्डेनला गेलात तर तेथील फ्राउएनकिर्खेच्या भिंतीजवळ उभ्या राहा. फेब्रुवारी १९४५ मध्ये कोसळलेले हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि ढिगाऱ्यातून काढलेले जुने दगड त्यात बसवले आहेत. जुना दगड काळा पडलेला आणि नवा फिकट, त्यामुळे जुने किती उरले होते हे डोळ्यांनाच दिसते.

आपल्या घरापासून साध्या रेल्वेने जाता येईल असे रोथेनबुर्ग हे छोटे तटबंदीचे गावही आवर्जून पाहावे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात हे गाव खंगले. नवे बांधायला पैसा उरला नाही, आणि त्यामुळेच जुने तसेच राहिले. मार्च १९४५ मध्ये त्याच्याही पूर्वेकडच्या भागावर बाँब पडले. तटावरून छपराखालच्या अरुंद वाटेने चालताना भिंतीत बसवलेल्या पाट्या वाचत जा. तट पुन्हा बांधण्यासाठी देशोदेशींच्या ज्या लोकांनी पैसे दिले, त्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत.

आणि चालताना अधूनमधून खालीही पाहत जा. जर्मनीतील अनेक शहरांत, आणि प्रागमध्येही, काही घरांच्या दारासमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पितळी पत्रा बसवलेला दिसतो. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात सुरू केलेले हे काम आहे. नाझींनी त्या घरातून नेलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच त्यावर असते. वाचायला वाकावे लागते. कोणत्याही संग्रहालयापेक्षा या पत्र्यांनी मला त्या शहरांविषयी अधिक सांगितले आहे.

सप्टेंबरचा दुसरा रविवार मोकळा ठेवा. त्या दिवशी जर्मनीभर एरवी बंद असणाऱ्या कित्येक जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या असतात आणि त्यांची निगा राखणारी माणसे स्वतः माहिती सांगतात.

प्रश्न : माझा मुलगा इटलीत बोलोन्याला शिकतो. येत्या दिवाळीनंतर आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. फ्लॉरेन्सला कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक आहे, असे ऐकले. ते खरे आहे का? तेथे जाता येते का? (सातारा)

उत्तर : पूर्णपणे खरे आहे, आणि आपल्या भागातून इटलीला जाणाऱ्या प्रत्येकाने तेथे जावे, असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि तेथे दहनाची पद्धत नव्हती. तरीही विशेष परवानगी मिळवून, आर्नो नदीला मुन्योने हा प्रवाह जेथे मिळतो त्या ठिकाणी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली आणि तेथील राजघराण्याच्या समाध्या आपण पाहिलेल्या असतील. परक्या मुलखातही बरोबरच्या मंडळींनी संगमच का शोधला, हे सातारकरांना वेगळे सांगायला नको.

१८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारण्यात आली आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. जवळच १९७० च्या दशकात बांधलेला मोठा पूल आहे आणि त्यालाही या स्मारकावरूनच ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले आहे.

बोलोन्याहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत येते. स्थानकाजवळून ट्रामने कास्चिने उद्यानापर्यंत जावे. उद्यान तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि छत्री त्याच्या पश्चिम टोकाला आहे, म्हणून नदीकाठाने निवांत चालत जाण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. सकाळ तेथे घालवून दुपारी शहरात परतलात, तर वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधलेला कॅथीड्रलचा घुमट पाहता येईल. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, उद्वाहन नाही, आणि वेळ आधीच आरक्षित करावी लागते. गुडघे साथ देत नसतील तर खालूनच पाहावा. तो खालूनही भव्य दिसतो.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठीच्या पुढचे आहोत. पॅरिसजवळ राहणाऱ्या मुलीकडे तीन महिने जाणार आहोत आणि शेजारच्या देशांतही फिरण्याचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी? (सांगली)

उत्तर : शेंगेन देशांत (आपापसांतील सीमा खुल्या ठेवण्याचा करार केलेल्या युरोपीय देशांत) पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. तीन महिने म्हणजे कधी ९१ किंवा ९२ दिवसही होतात, म्हणून परतीचे तिकीट दिवस मोजूनच काढावे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. सीमेवर बहुतेक वेळा कोणी अडवत नसले तरी दुसऱ्या देशात जाताना पासपोर्ट जवळ हवाच; मुलीनेही पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही बरोबर ठेवावेत.

जुन्या भागातील रस्ते उंचसखल दगडांचे असतात. तेथे चपला घालून फिरू नये. जाड तळव्याचे, वापरून सवयीचे झालेले बूट घालावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर जर्मनीतील बरीच संग्रहालये सोमवारी. इटलीतील सरकारी संग्रहालयांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण गर्दी इतकी होते की आपण तो दिवस टाळलेलाच बरा. चर्चमध्ये बाकांवर बसून विश्रांती घेता येते. मात्र प्रार्थना चालू असेल तर आत फिरू नये, आणि रोममधील सेंट पीटर्समध्ये खांदे व गुडघे झाकलेले लागतात. सुटी नाणी खिशात असू द्यावीत, कारण रेल्वे स्थानकांवरील स्वच्छतागृहांना अनेक ठिकाणी पैसे पडतात. औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी नेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांची मूळ रासायनिक नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत.