सांगलीत बेटिंगचा धंदा? आधी हे वाच

भावा, विश्रामबागेत गाळा बघितलास म्हणतोस, पण ॲडव्हान्स देऊ नकोस. शॉप ॲक्टचा दाखला काढला म्हणून बेटिंग कायदेशीर होत नाही. 1887 चा जुगारबंदी कायदा आपल्याकडं अजून लागू आहे; सूट आहे ती घोड्यांच्या शर्यतीला, तीही परवाना असलेल्या रेसकोर्सवर. ऑनलाइन करतो म्हणशील, तर केंद्राचा 2025 चा कायदा बघ: पैशांचा खेळ चालवला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रीम इलेव्हननंसुद्धा पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर राज्यं बेटिंगचे परवाने देऊ लागली, पण ते तिकडं.

आणि तो 'बेटिंगची फ्रँचायझी देतो' म्हणणारा! तो तुझं चालू खातं, एटीएम कार्ड, सिम मागणार. बेटिंगचा पैसा फिरणार तुझ्या खात्यातून, खातं गोठणार तुझं, नोटीस येणार तुझ्या घरी. तो तोवर फोन बंद करून मोकळा.

खेळातच कमवायचं असेल तर बॉक्स क्रिकेटचा टर्फ घाल, नाहीतर कुंडलसारख्या कुस्ती मैदानांच्या थेट प्रक्षेपणाचं काम धर. कॅमेऱ्यांना खर्च येतो, पण मुद्रा कर्जासाठी बँकेत विचारता येईल. गाळेवाल्याला मात्र आजच नाही म्हणून सांग.